धम्म अभ्यास पाठ : घड्याळाची किंमत आणि माणसाची किंमत



या वेळच्या पाठाचा विषय काहींना धम्माशी संबंध नसलेला वाटेल. विषय आहे महागडी मनगटी घड्याळे, त्यांची प्रतिष्ठा आणि त्यांची किंमत. पण वुडलँड्समध्ये आणि आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांमध्ये हा विषय निघतोच. बोनस जमा होतो, कंपनीतला सहकारी नवे घड्याळ घालून येतो, भावाच्या लग्नाला गावी जायचे असते, आणि मनात प्रश्न येतो : आता आपणही एक चांगले घड्याळ घ्यावे का?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर : हा सगळा लोभ आहे, बौद्ध माणसाने याच्या नादी लागू नये. दुसरे उत्तर : आपल्या आजोबांना अंगावर धड कपडा घालू दिला नाही, आता आपण कमावतो आहोत, तर मिरवायचे नाही का? दोन्ही उत्तरांत थोडे सत्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. तथागतांनी आपल्याला तयार उत्तरे घेऊन न थांबता तपासून पाहायला शिकवले. म्हणून आधी घड्याळ तपासू, मग आपले मन तपासू.

१. घड्याळाची किंमत कशाची बनते?

घड्याळाचे पहिले काम वेळ दाखवणे. या कामापुरते पाहिले तर एक गंमत दिसते. यांत्रिक घड्याळात कमान असते, ती हळूहळू सुटते आणि एक बारीक चाक मागे-पुढे झोके घेते. आजच्या अनेक यांत्रिक घड्याळांत हे झोके सेकंदाला ८ असतात. क्वार्ट्झ घड्याळात सेल असतो आणि क्वार्ट्झचा छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कंपने जितकी जास्त आणि नियमित, तितकी वेळ अचूक.

स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचे अधिकृत प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. तिच्या कसोटीत यांत्रिक घड्याळ दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे गेले तरी चालते. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी याहून कडक, दिवसाला अधिक-उणे २ सेकंदांची मर्यादा पाळते. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त एक मिनिट. आता कॅसिओचे प्लॅस्टिकचे एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ घ्या. ते १९८९ साली बाजारात आले, आजही वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळते, आणि त्याची मर्यादा महिन्याला अधिक-उणे ३० सेकंद आहे. वेळ दाखवण्याच्या कामात पंधरा हजार डॉलरचे घड्याळ तीस डॉलरच्या घड्याळाच्या पुढे नाही.

पहाटे कॉजवेवरून जोहोर बारूहून मोटरसायकलींची रांग वुडलँड्स चेकपॉइंटकडे येते, ती आपण पाहिली आहे. १९२४ साली सुरू झालेल्या एक किलोमीटरभर लांबीच्या या पुलावरून रोज कामावर येणाऱ्या माणसासाठी पाच मिनिटांचा उशीर म्हणजे पगारातून कपात असू शकते. त्याच्या मनगटावरचे साधे घड्याळ आपले काम पूर्णपणे करते.

मग बाकीचे पैसे कशाचे? काही पैसे कारागिरीचे. शेकडो बारीक भाग जुळवणे, हाताने घासून चमक आणणे, वर्षानुवर्षे दुरुस्त होऊ शकेल असे यंत्र बनवणे, यात खरे कष्ट आणि खरे कौशल्य आहे. कारागिराच्या कष्टाला आपण कमी लेखू नये. आपल्यातले कित्येकजण चांभारकाम, विणकाम, लोहारकाम करणाऱ्या घरांतून आलेले आहेत. हातच्या कामाला योग्य दाम मिळावा, ही आपलीच मागणी आहे. काही पैसे सोने, पोलाद, नीलमणी काच अशा साहित्याचे. पण एवढे सगळे धरूनही हिशेब पुरा होत नाही. उरलेला मोठा भाग प्रतिष्ठेचा असतो.

२. प्रतिष्ठा कशी तयार होते?

प्रतिष्ठा आपोआप उगवत नाही, ती घडवली जाते. इतिहास पाहा. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत होती ४ लाख ५० हजार येन, म्हणजे त्या वेळच्या छोट्या मोटारीएवढी. त्या दिवशी क्वार्ट्झ ही श्रीमंतांची वस्तू होती. पुढे तंत्र स्वस्त झाले आणि क्वार्ट्झ घड्याळ सर्वांच्या हाती आले. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास लोक काम करत. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या जवळपास एक तृतीयांशावर आली.

वेळ दाखवण्यात हरल्यावर स्विस कंपन्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी यांत्रिक घड्याळ हे वारसा, परंपरा आणि दर्जा यांचे चिन्ह म्हणून विकायला सुरुवात केली. १९७२ साली ऑदमार पिगेने रॉयल ओक आणि १९७६ साली पाटेक फिलिपने नॉटिलस आणले. दोन्ही घड्याळे साध्या पोलादाची, पण किंमत सोन्याच्या घड्याळांच्या पंगतीला बसणारी. १९९६ पासून पाटेक फिलिपच्या जाहिराती सांगतात की या घड्याळाचे आपण मालक नसतो, पुढच्या पिढीसाठी ते फक्त सांभाळतो. आपण कशाचेच कायमचे मालक नाही, हे धम्मही सांगतो. पण धम्म ते आसक्ती सोडण्यासाठी सांगतो, जाहिरात ते विकत घेण्यासाठी सांगते.

मग येतो तुटवडा. मागणीपेक्षा कमी माल, प्रतीक्षा यादी, दुकानात जुनी ओळख असेल तरच मिळणारे मॉडेल. जे सहज मिळत नाही ते मोठे वाटू लागते. २६ मार्च २०२२ रोजी स्वॉच आणि ओमेगा यांचे मूनस्वॉच जगभर विक्रीला आले, तेव्हा सिंगापूरमध्ये आयऑन ऑर्चर्डला मोठी गर्दी उसळली. ते सेलवर चालणारे, काही शे डॉलरचे घड्याळ होते. लोकांनी ज्या नावासाठी रांग लावली ते नाव मात्र चंद्रावर गेलेल्या घड्याळाचे होते.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निळ्या तबकडीचे एक पोलादी नॉटिलस ६५ लाख डॉलरला गेले. दुकानातली त्याची किंमत साधारण ५२ हजार डॉलर होती. घड्याळातले यंत्र तेच, पोलाद तेच. २०१७ साली अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला विकले गेले. ते त्यांना पत्नीने भेट दिले होते, तेव्हा त्याची किंमत काही शे डॉलर होती. बाजाराने वस्तूची नव्हे, तिच्याभोवतीच्या कथेची किंमत दिली. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या महागड्या घड्याळांचे भाव शिखरावर होते, त्यानंतर ते उतरले. "घड्याळ म्हणजे गुंतवणूक" असे ऐकून शिखरावर घेणाऱ्यांना अनित्यतेचा पाठ पैशांत शिकावा लागला.

३. मूल्याचा प्रश्न आणि बाबासाहेब

मूल्य म्हणजे काय, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अभ्यासाचा होता. लंडनमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातला एक धागा आपल्या विषयाला उपयोगी आहे : चलनाचा भाव सोन्याशी किंवा परदेशी चलनाशी बांधून ठेवणे पुरेसे नाही, त्या चलनाने सामान्य माणूस बाजारातून काय आणू शकतो हे स्थिर राहिले पाहिजे. मूल्य तपासताना बाबासाहेबांची नजर सामान्य माणसाच्या उपयोगाकडे जाते, ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९१८ साली त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर लेख लिहिला. पैशाचा मोह वाईट, असे सरसकट म्हणणे त्यांना मान्य नव्हते. पैसा कोणत्या हेतूने हवा आहे, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष संपत्तीत नसून तिच्या विषम वाटपात आहे, हेही त्यांनी तिथे मांडले. १९५० साली महाबोधी मासिकातल्या लेखात त्यांनी स्पष्ट सांगितले की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ज्याच्याकडे आहे त्याने स्वखुशीने सोडणे वेगळे आणि ज्याला काही मिळूच दिले नाही त्याला "गरिबीतच पुण्य आहे" असे सांगणे वेगळे.

त्यामुळे पहिले तयार उत्तर, "चांगली वस्तू म्हणजे लोभ", हे आपले उत्तर होऊ शकत नाही. आपल्या समाजाला चांगल्या वस्तूंपासून दूर ठेवण्यासाठी नियम केले गेले होते. "जातिप्रथेचे विध्वंसन" या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी उदाहरणे दिली आहेत. इंदूर भागातल्या बलाई समाजावर १९२८ साली सवर्णांनी नियम लादले : पुरुषांनी जरीच्या काठाची पगडी घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी अस्पृश्यांनी जेवणात तूप वाढले म्हणून पंगतीवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. गुजरातमधल्या झानू गावी बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांना मारहाण झाली. पगडी, तूप, पितळेचे भांडे : हल्ला वस्तूवर नव्हता, त्या वस्तूतून दिसणाऱ्या बरोबरीवर होता.

१९२७ हे वर्ष आठवा. त्याच वर्षी रोलेक्सने आपल्या पाण्यात टिकणाऱ्या ऑयस्टर घड्याळाची मोठी जाहिरात केली. इंग्लिश खाडीत पोहणाऱ्या एका जलतरणपटूसोबत ते घड्याळ तासन् तास थंड पाण्यात राहिले होते. आणि त्याच वर्षी, २० मार्चला, महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायली म्हणून त्यांची डोकी फुटली. जगाच्या एका टोकाला घड्याळ पाण्यात टिकते याचे कौतुक चालले होते, दुसऱ्या टोकाला माणसाला पाण्याला हात लावू दिला जात नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले? लुगडे वरच्या जातीतल्या स्त्रियांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण बनलेले जाडजूड चांदीचे आणि कथलाचे दागिने टाकून द्या, घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, स्वच्छ राहा. दागिना वाईट आहे असे ते म्हणाले नाहीत. तो दागिना तुमच्याबद्दल काय सांगतो, हा त्यांचा प्रश्न होता. गुलामीची खूण अंगावर ठेवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

४. नवी उतरंड

आता दुसरे तयार उत्तर तपासू : "तेव्हा घालू दिले नाही, आता मिरवूया."

घड्याळांच्या शौकिनांमध्ये एक शिडी आहे. सर्वांत वर पाटेक फिलिप, ऑदमार पिगे आणि १७५५ पासूनची परंपरा सांगणारी व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन. या तिघांना तिथे "पवित्र त्रयी" म्हणतात. त्याखाली रोलेक्स, मग ओमेगा, मग आणखी काही, मग सेइको-सिटिझन, आणि तळाशी टायटन, कॅसिओ. रोलेक्सवाला टुडॉरवाल्याकडे वरून पाहतो, त्रयीवाला रोलेक्सवाल्याकडे वरून पाहतो. सेइकोने कितीही अचूक आणि सुंदर घड्याळ बनवले तरी "शेवटी सेइकोच ना" असे म्हणणारे भेटतात. इथे वस्तूचे काम पाहिले जात नाही, तिचा जन्म पाहिला जातो.

ही रचना आपल्या ओळखीची आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले : वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतो, म्हणून कोणी शिडी मोडायला तयार होत नाही. अर्थात घड्याळांची शिडी आणि जातीची शिडी सारखी नाही. घड्याळ पैसे देऊन बदलता येते, जात बदलता येत नाही, आणि घड्याळापायी कोणाचे घर जाळले जात नाही. पण मनाला लागणारी सवय एकच आहे. माणसाकडे पाहण्याआधी त्याच्या खुणेकडे पाहायचे, आणि खुणेवरून आदर किती द्यायचा ते ठरवायचे.

तथागतांनी या सवयीला "मान" म्हटले आणि तिची तीन रूपे सांगितली : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. तिसरे रूप आपल्याला विशेष समजून घ्यावे लागेल. ज्यांना पिढ्यान् पिढ्या हीन म्हटले गेले, त्यांच्या मनात "मी हीन नाही हे दाखवलेच पाहिजे" ही घाई राहते. घाई समजण्यासारखी आहे. पण महागडे घड्याळ दाखवून जो मान मिळतो, तो शिडी मान्य करूनच मिळतो. आपण एक पायरी वर गेलो एवढेच होते, शिडी तशीच राहते. आणि आपल्या खालच्या पायरीवर कोण येते? बहुतेक वेळा आपलाच गावाकडचा चुलतभाऊ.

सुत्तनिपातातल्या पराभव सुत्तात तथागत माणसाच्या अधोगतीची कारणे सांगतात. त्यातले एक असे : जो जन्माच्या, धनाच्या, कुळाच्या गर्वाने ताठ होतो आणि आपल्याच नातलगांना तुच्छ लेखतो, त्याचा पराभव ठरलेला. जन्माचा गर्व आणि धनाचा गर्व तथागतांनी एकाच ओळीत ठेवले आहेत. जन्माच्या गर्वाविरुद्ध लढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वारंवार वाचावे. त्याच ग्रंथातले वसल सुत्त सांगते की माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन किंवा श्रेष्ठ ठरतो. मनगटावरच्या नावाने ठरतो, असेही कुठे म्हटलेले नाही.

५. तथागतांचा गृहस्थाला उपदेश

अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाची गोष्ट आहे. तो तथागतांकडे येऊन म्हणतो : आम्ही घरसंसारी माणसे, बायका-मुलांत राहतो, काशीचे चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोने-चांदी वापरतो. आम्हाला आमच्या हिताचे सांगा. तथागतांनी त्याला चंदन टाकून दे असे सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसम्पदा म्हणजे कष्ट आणि कौशल्याने कमावणे, आरक्खसम्पदा म्हणजे कमावलेले सांभाळणे, कल्याणमित्तता म्हणजे चांगल्यांची संगत, आणि समजीविता म्हणजे मिळकतीच्या बेताने जगणे. मिळकत थोडी आणि थाट मोठा असणाऱ्याला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. चार फळे खायची म्हणून तो झाड हलवतो आणि ढीगभर फळे खाली पाडतो. पण मिळकत मोठी असूनही उपाशी मरणाऱ्या कंजूसालाही त्यांनी चांगले म्हटले नाही.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख ऋणमुक्तीचे आहे : माझ्यावर थोडेही किंवा फारही कर्ज नाही, हे सुख. हप्त्यांवर घेतलेले घड्याळ मनगटावर सुंदर दिसते, पण हे सुख ते हिरावून घेते.

आणखी एक गोष्ट विनयपिटकातली. कोसंबीला राजा उदेनच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. राजाला आश्चर्य वाटले. इतक्या वस्त्रांचे हे काय करणार, दुकान मांडणार का? आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे फाटली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावरची चादर करू. जुन्या चादरींचे? गादीची खोळ. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. राजाने समाधानाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. मूल्याचा हा खरा हिशेब आहे. वस्तूचे मूल्य ती शेवटच्या धाग्यापर्यंत किती जणांच्या कामी येते यावर ठरते.

६. सिंगापूरमध्ये राहताना घ्यायची काळजी

सिंगापूर हा स्विस घड्याळांच्या पहिल्या दहा बाजारांपैकी एक आहे. जिथे प्रतिष्ठेची एवढी मागणी, तिथे शीलाची परीक्षाही होते.

फसवणूक : २०२२ साली इथे एका जोडप्याने महागडी घड्याळे आणि पिशव्या स्वस्तात देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि माल दिला नाही. ग्राहकांचे सुमारे ३ कोटी २० लाख सिंगापूर डॉलर अडकले. दोघे लॉरीच्या कंटेनरमध्ये लपून देशाबाहेर गेले आणि ऑगस्टमध्ये कॉजवेपलीकडे जोहोर बारूच्या हॉटेलात सापडले. बाजारभावाहून खूप कमी किमतीत मिळणारी प्रतिष्ठा दिसली की आधी आपली तृष्णा ओळखा, मग व्यवहार ओळखा. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे उघडकीला आलेल्या मनी लाँडरिंगच्या मोठ्या प्रकरणात जप्त मालमत्ता ३ अब्ज डॉलरच्या वर गेली. तिच्यातही महागडी घड्याळे होती. मनगटावरची चमक सम्यक आजीविकेचा पुरावा नसते.

पॉनशॉप : आपल्या एचडीबी वसाहतींत पॉनशॉपच्या काचेत सोन्याच्या साखळ्यांशेजारी जुनी घड्याळे मांडलेली दिसतात. कायद्याने तिथे महिन्याला जास्तीत जास्त दीड टक्का व्याज घेता येते आणि वस्तू सोडवायला सहा महिने मिळतात. ५,००० डॉलर उचलले तर महिन्याला ७५ आणि सहा महिन्यांत ४५० डॉलर व्याज. ती काच जरूर पाहा. तिथल्या प्रत्येक घड्याळाने कधीतरी कोणाला तरी मोठे वाटवले होते.

सीमाशुल्क : भारतात जाताना नवे महागडे घड्याळ मनगटावर बांधले की कोणी विचारत नाही, असा सल्ला देणारे भेटतात. मर्यादेपेक्षा जास्त किमतीची वस्तू रेड चॅनेलमध्ये जाहीर करणे हा कायदा आहे. बुडवलेला कर म्हणजे न दिलेले घेणे. दुसरे शील इथे प्रत्यक्ष कामाला येते.

फर्स्ट कॉपी : नकली घड्याळ घालून असल्याचा आव आणणे म्हणजे तोंड न उघडता खोटे बोलणे. साधे, खरे घड्याळ त्यापेक्षा कितीतरी सन्मानाचे.

७. घड्याळ जे मोजते त्याचे काय?

बंगळूरला एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांचे पहिले घड्याळ चावीचे एचएमटी जनता असेल. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले, रोज सकाळी चावी दिलेले. २०१६ साली ते उत्पादन बंद झाले, पण ते घड्याळ घरात अजून जपून ठेवलेले असते. त्याला बाजारात फारशी किंमत नाही. तरी ते आपण विकणार नाही, कारण त्यात एका माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या प्रामाणिक कामाची आठवण आहे. त्याच काळात लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ, सायकल, रेडिओ द्यायला लागायचे म्हणून मुलीच्या बापाने कर्ज काढले, हेही आपण विसरू नये. तेच घड्याळ एका घरात सन्मानाचे होते, दुसऱ्या घरात हुंड्याचे.

घड्याळ वेळ मोजते, पण ती वेळ कोणाची? गिरणगावात वेळ भोंग्याची होती. कामगाराचा दिवस मालकाच्या घड्याळावर चाले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. बाबासाहेबांनी लाखो कामगारांना आठवड्याचे सहा तास परत मिळवून दिले. त्या सहा तासांत कोणी शिकले, कोणी सभेला गेले, कोणी मुलांना जवळ घेतले. अशा वेळेची किंमत कोणत्याही लिलावात ठरत नाही.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता : सगळे संस्कार नाशवंत आहेत, सावधपणे प्रयत्न करा. मनगटाकडे पाहताना "किती वाजले?" यासोबत "हा तास कुठे गेला?" असेही विचारता आले, तर तीस डॉलरचे घड्याळसुद्धा धम्माचे साधन होईल.

खरेदीपूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. हे मी कर्जाशिवाय, उपभोगाच्या एका भागातून घेऊ शकतो का? अडचणीसाठी राखलेला भाग शाबूत आहे ना?

२. याचे नाव आणि खूण झाकली, तरी मला हे आवडेल का? उत्तर हो असेल, तर ती कारागिरीची आवड आहे. नाही असेल, तर ती मानाची भूक आहे.

३. हे घालून मी कोणासमोर जाणार आहे, आणि त्याला माझ्यासमोर कसे वाटावे अशी माझी इच्छा आहे?

४. घरात, नात्यात किंवा समाजात कोणाचे शिक्षण, औषधोपचार, फी यासाठी माझ्याकडून काही येणे आहे का? "पे बॅक टू सोसायटी" आपण भाषणात म्हणतो, त्याचा हिशेब या वर्षी केला का?

५. घेतलेच, तर ते मी जपून, वर्षानुवर्षे वापरीन का? की दोन वर्षांनी शिडीची पुढची पायरी शोधीन?

या पाचही प्रश्नांना मोकळ्या मनाने उत्तर देऊन कोणी चांगले घड्याळ घेतले, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. आणि कोणाच्या मनगटावर महाग घड्याळ दिसले म्हणून त्याला लोभी ठरवणे, हाही मानाचाच एक प्रकार आहे. साधेपणाचाही गर्व होतो.

कुटुंबात चर्चेसाठी

मुलांना सोबत घेऊन बसा. शाळेत कोणाच्या घड्याळावरून, फोनवरून, बुटांवरून चिडवतात का, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग त्यांना चकवाऱ्याच्या तुपाची आणि भन्ते आनंदांच्या वस्त्रांची गोष्ट सांगा. एका गोष्टीत वस्तूवरून माणसाला मारले, दुसऱ्या गोष्टीत वस्तू चिंधी होईपर्यंत माणसांच्या कामी आली. यातले कोणते जग आपल्या घरात हवे, हे मुलांनाच ठरवू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.